चढणारे, उतरणारे आणि मधेच थांबणारे

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन परदेशी निघालं की व्हिसा, विमा, औषधं, बॅगेचं वजन यांची चौकशी महिनाभर चालते. विमानतळाच्या इमारतीतून आपण कुठल्या दारानं आत जाणार, कुठल्या मजल्यावर उतरणार आणि मधल्या ठिकाणी विमान बदलताना कुठं वळायचं नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. दमणूक आणि घाबरगुंडी नेमकी तिथंच होते. मी आईला घेऊन सोलापूरहून मेलबर्नला धाकट्या भावाकडं जाऊन आलो. वाट मुंबई आणि सिंगापूरवरून होती. इमारतींचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळं दारं, जिने आणि उतार यांच्याकडं माझं लक्ष आपोआप जातं. आईचे गुडघे दुखरे असल्यानं प्रत्येक जिना आम्हाला मोजून घ्यावा लागत होता, हे दुसरं कारण.

सोलापूरकरांना आता विमानाचं अप्रूप ओसरायला लागलंय, पण ही सोय अगदी अलीकडची आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आड येत होती; ती 2023 मध्ये पाडली. जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. टर्मिनलची इमारत लहान, सगळा कारभार जमिनीवरच. चढणाऱ्यांची वाट आणि उतरणाऱ्यांची वाट एकाच इमारतीच्या दोन बाजूंना.

आमची तपासणी होऊन आम्ही आतल्या खुर्च्यांवर बसलो होतो. मुंबईहून आलेलं विमान समोर येऊन उभं राहिलं, शिडी लागली, लोक उतरून चालत निघाले. आई उठून उभी राहिली. दारावरच्या कर्मचाऱ्यानं हात आडवा केला, "आजी, जरा बसा. उतरणारे सगळे आत जाऊ देत." शेवटचा माणूस उतरणाऱ्यांच्या दारातून आत गेला, ते दार बंद झालं आणि मग आमचं दार उघडलं. दोन्ही गर्दी एकाच फरशीवरून, एकाच शिडीनं गेल्या, फक्त एकामागून एक. सोलापुरात वेगळेपणा राखायचं काम घड्याळ करतं. तासाला पाच-पन्नास विमानं असती तर ते जमलं नसतं, आणि मोठ्या विमानतळांना मजले लागतात ते याचसाठी, हे मला तिथं उभ्याउभ्याच लख्ख दिसलं.

व्हीलचेअरबद्दल इथंच सांगतो. तिकीट काढताना ती मागायची असते आणि तिचे प्रकार असतात. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर; पायऱ्याही चढवत नाहीत, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस; आणि सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. मुंबईत विमानाच्या दाराला थेट पूल लागतो, म्हणून पहिल्या प्रकारावर भागतं असं वाटतं. सोलापूरसारख्या ठिकाणी शिडी आहे, हे लक्षात ठेवून प्रकार निवडावा. आई कठडा धरून सावकाश चढते, म्हणून आम्ही पहिलाच घेतला.

मुंबईत आत्याकडं मुक्काम करून आम्ही पुढच्या प्रवासाला सहारच्या टर्मिनल 2 वर गेलो. सोलापूर-मुंबई आणि मुंबई-मेलबर्न ही तिकिटं वेगळी होती, सामान मुंबईत हातात आलेलं होतं, त्यामुळं सगळं पहिल्यापासून. फेब्रुवारी 2014 मध्ये प्रवाशांसाठी खुलं झालेलं हे टर्मिनल वरून इंग्रजी एक्स अक्षरासारखं दिसतं. मधे सगळ्यांचा सामाईक भाग आणि बाहेर पसरलेल्या हातांवर विमानं. निघणाऱ्यांची गाडी उंच रस्त्यानं चढून थेट चौथ्या पातळीवर जाते, येणारे दुसऱ्या पातळीवरून बाहेर पडतात. म्हणजे सोडायला आलेली गाडी आणि न्यायला आलेली गाडी एकमेकींना भेटतच नाहीत. आत्याचा मुलगा सोडायला आला होता, त्याला दारावरच निरोप द्यावा लागला. आपल्याकडं तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय इमारतीतच पाऊल टाकता येत नाही. आईला ते फार लागलं. "पोराला दोन मिनिटं आत येऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आत गेल्यावर सामान दिलं. सिंगापूरच्या पुढच्या विमानाचे बोर्डिंग पासही मुंबईतच मिळाले. इथं एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्यावी: बॅगेला लावलेल्या पट्टीवरची तीन अक्षरं. आमच्या पट्टीवर एमईएल, म्हणजे मेलबर्न होतं. याचा अर्थ सिंगापूरला सामान आपल्याला बघायचंही नाही. त्या पट्टीवर मधल्याच गावाची अक्षरं असतील तर तिथं बाहेर पडून सामान घ्यावं लागणार आणि प्रवासाची सगळी आखणीच बदलणार.

मग इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी. त्यानंतर आपण एका बंद हद्दीत शिरतो. इथून पुढं भेटणारा प्रत्येक माणूस आपल्यासारखाच तपासलेला असला पाहिजे, हा सगळ्या इमारतीचा पाया आहे. विमानात चढायला पुलाकडं निघालो तेव्हा मी जरा रेंगाळलो. पुलाच्या तोंडाशी वाट दुभंगलेली होती. आमच्या बाजूचं दार उघडं आणि शेजारचं बंद. तेच विमान तासाभरापूर्वी परदेशातून भरून आलं असेल तेव्हा आमचं दार बंद आणि ते शेजारचं उघडं असणार. त्या दारातून निघालेली माणसं उतारावरून वेगळ्या वाटेला लागून इमिग्रेशनकडं गेलेली असणार. पूल एक, विमान एक, आणि दोन दारांपैकी एका वेळी एकच उघडं. इमारतीचा सगळा खर्च, सगळे मजले शेवटी या दोन दारांपर्यंत येऊन टेकतात. उतारही मी बघत होतो. चाकाच्या खुर्चीसाठी बारा फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढ नको, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. आईची खुर्ची ढकलणारा मुलगा तिच्याशी गप्पा मारत सहज चालला होता, त्यावरून कळलं की उतार नीट काढलाय.

आईनं विमानात बसल्यावर विचारलं, "उतरलेली माणसं आपल्यात मिसळली तर काय होतं? तीबी तपासूनच आली असतील की."

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तीन पदरी आहे. पहिला पदर सुरक्षेचा. उतरलेला माणूस दुसऱ्या देशात, दुसऱ्या पद्धतीनं तपासलेला असतो. त्याच्याजवळ राहिलेली वस्तू त्यानं स्वच्छतागृहात ठेवली आणि निघणाऱ्यानं उचलली, तर निघणाऱ्याची तपासणी वाया गेली. नागरी विमान वाहतुकीच्या 1944 च्या शिकागो कराराला सुरक्षेसंबंधी सतरावं परिशिष्ट 1974 मध्ये जोडलं गेलं. विमान अपहरणांचा तो काळ होता. तपासलेला आणि न तपासलेला प्रवासी एकत्र येता कामा नये, आले तर सगळ्यांची पुन्हा तपासणी करा, हे तत्त्व त्यात आहे. दुसरा पदर इमिग्रेशनचा. देशातल्या देशात जाणारा आणि परदेशी जाणारा एकाच दालनात बसले तर बोर्डिंग पासची अदलाबदल करून भलताच माणूस भलत्या विमानात चढू शकतो. तिसरा कस्टमचा. परदेशातून आलेल्या माणसानं आणलेलं सोनं देशांतर्गत प्रवाशाच्या पिशवीत गेलं की ते तपासणीच्या टेबलासमोर न येताच बाहेर.

आईला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तिनंच ते आपल्या परीनं लावून घेतलं. "म्हणजे पंढरपूरच्या बारीसारखंच. दर्शन घेऊन निघालेला माणूस परत बारीत घुसला तर मागचे ऐकून घेतील होय? त्याला वाटच दुसरी ठेवतात." दर्शनमंडपाच्या मजल्यांवरून तासन्‌तास पुढं सरकलेल्या बाईला विमानतळाचा नकाशा समजावून सांगायची गरज नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मात्र तिचं हे गणित कोलमडलं, आणि थोडा वेळ माझंही.

आम्ही टर्मिनल 3 ला उतरलो. पुलातून बाहेर आलो तर समोर सरळ बाजारपेठ. दुकानं, खाण्याचे ठेले, गालिच्यावर झोपलेली पोरं, आणि त्यात निघालेले, आलेले, मधेच थांबलेले असे सगळे एकत्र. मुंबईत एवढ्या काळजीनं वेगळी ठेवलेली माणसं इथं खांद्याला खांदा लावून फिरत होती. कुठंच भिंत नाही. आई म्हणाली, "इथं कोण कुठला, काही कळतंय का?"

उलगडा झाला तो पुढच्या विमानाच्या गेटवर. चांगीच्या टर्मिनल 1, 2 आणि 3 मध्ये सुरक्षा तपासणी इमारतीच्या सुरुवातीला होत नाही. प्रत्येक गेटशी होते. गेटच्या आत काचेनं बंद केलेलं बसायचं दालन असतं. विमान सुटायच्या तासभर आधी त्याचं दार उघडतं, पिशव्या यंत्रातून जातात, माणूस चौकटीतून जातो आणि मग आत बसतो. त्या काचेच्या आत गेल्यावर कोणी मिसळत नाही. उतरणारे त्या दालनाच्या बाजूच्या वाटेनं थेट बाजारपेठेत जातात. म्हणजे बाहेर कोणीही कोणाला काहीही दिलं तरी चढण्याआधी सगळं पुन्हा यंत्राखालून जाणारच. इतकी मोकळी इमारत त्यामुळंच परवडते. मुंबईनं सगळ्या दालनाभोवती एक मोठी रेषा ओढली, चांगीनं प्रत्येक गेटभोवती छोटी. चांगीच्याच टर्मिनल 4 मध्ये, जे 2017 मध्ये सुरू झालं, तपासणी आपल्यासारखी सुरुवातीलाच एका जागी आहे. एकाच गावात दोन्ही पद्धती नांदतात.

याचा व्यवहारातला परिणाम पाण्याच्या बाटलीवर होतो. आईला औषधासाठी पाणी लागतं, म्हणून मी आतल्या नळावर बाटली भरून घेतली होती. गेटवर ती रिकामी करावी लागली, कारण शंभर मिलिलिटरची मर्यादा तिथं लागू होते. तपासणी पार झाल्यावर भरलेलं पाणी मुंबईत चालतं, चांगीत चालत नाही. म्हणून आईला गोळी गेटच्या रांगेत उभं राहण्याआधी दिली. ज्यांच्या औषधाच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यासाठीच इतकं लांबण लावतोय.

दुसरी गोष्ट पाट्यांची. चांगीत बाहेर पडणाऱ्यांची इमिग्रेशन खालच्या मजल्यावर आहे. थोडं चाललं की खाली जाणारा सरकता जिना आणि ‘अरायव्हल’ची पाटी दिसते, आणि आपण आत्ताच ‘अराइव्ह’ झालेलो असल्यामुळं पाय आपसूक तिकडं वळतात. आमच्या मागच्या रांगेतलं नगरचं एक जोडपं तसं निघालेलं मी पाहिलं, त्यांना हाक मारली. विमान बदलणाऱ्यांना खाली उतरायचंच नाही. ‘ट्रान्सफर’ हा एकच शब्द धरून चालायचं, त्याच पातळीवर राहायचं, सामान विसरायचं आणि पडद्यावर पुढच्या विमानाचा गेट क्रमांक बघायचा. आमचं विमान टर्मिनल 2 वरून होतं. तिथं आतल्या आत स्कायट्रेन नावाच्या छोट्या गाडीनं नेतात, बाहेर पडावं लागत नाही. पासपोर्टवर शिक्का नाही की कसला अर्ज नाही. कागदावर आम्ही सिंगापूरला गेलोच नाही. आईला ही गोष्ट भारी आवडली. मेलबर्नमध्ये भेटेल त्याला ती सांगत होती की आम्ही सिंगापुरात जेवलो, पण सिंगापूर सरकारला ठाऊक नाही.

मेलबर्नला उतरणाऱ्यांची वाट सरळ आणि एकट्याची. इमिग्रेशन झाल्यावर खाण्याच्या वस्तूंची विचारणा कडक आहे. आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणली होती. कार्डवर दोन्ही लिहून दिल्या, अधिकारी बाईनं पिशवी उघडून पाहिली, वास घेतला आणि परत दिली. लपवण्यात दंडाची भीती असते, सांगण्यात पाच मिनिटं जातात.

भावाकडं असताना त्याच्या मित्रांशी याच विषयावर बरंच बोलणं झालं, आणि कळलं की प्रत्येक देशानं ही रेषा वेगळ्या जागी ओढली आहे. अमेरिकेत परदेशातून आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन पार करावं लागतं, मग त्याला पुढं कॅनडाला जायचं असेल तरीही. चांगीसारखं न शिवता पुढं निघून जाता येत नाही. उलट देशांतर्गत विमानांना तिथं उतरणारे आणि चढणारे एकाच दालनात असतात, कारण दोघांचीही तपासणी एकाच यंत्रणेनं केलेली. लंडनच्या हीथ्रोच्या टर्मिनल 5 मध्ये देशांतर्गत आणि परदेशी जाणारे एकत्र बसतात, म्हणून देशांतर्गत प्रवाशाचा चेहरा आधी टिपून ठेवतात आणि गेटवर पुन्हा ताडून बघतात. भिंतीचं काम कॅमेऱ्यानं केलं. माझ्यातल्या नकाशेवाल्याला सगळ्यात भावलं ते फ्रँकफर्ट. तिथं शेंगेन देशांत, म्हणजे आपसातली पासपोर्ट तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत जाणाऱ्यांचे ए गेट एका मजल्यावर आणि बाहेरच्या देशांना जाणाऱ्यांचे झेड गेट त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर आहेत. सकाळी विमान रोमला जाणार असेल तर खालच्या मजल्यावरून भरायचं, संध्याकाळी दिल्लीला जाणार असेल तर वरच्या. विमान उभं राहायची जागा तीच. इतकं नेटकं उत्तर कागदावर काढायला मिळालं तर मी आनंदानं रात्र जागेन.

निघताना मेलबर्नला भाऊ, वहिनी आणि पोरं आत काउंटरपर्यंत आले, सामान देईपर्यंत थांबले, इमिग्रेशनच्या दारापर्यंत सोबत होते. मुंबईच्या दारावरचा निरोप आईच्या मनात अजून होता. तिला इथं नातवंडांजवळ बसून चहा पिता आला. सुरक्षेची रेषा थोडी आत सरकवली की एका कुटुंबाला अर्धा तास जास्त मिळतो. आपल्याकडं दारावरच पहारा का आहे, हे मला समजतं. 1999 च्या कंदाहार विमान अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडं गेली आणि आपल्या काळजीला कारणं आहेत. तरी नव्या टर्मिनलांच्या नकाशात निरोपासाठी एक सावलीची, बसायची जागा दाराबाहेर तरी असावी, असं मला मनापासून वाटतं. परदेशी लेकरांकडं जाणाऱ्या आईबापांचा तो निरोप कधी कधी शेवटचा असतो.

परतीला चांगीत आईनंच मला ‘ट्रान्सफर’ची पाटी दाखवली. मुंबईत उतरल्यावर मात्र इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणं, कस्टम, सगळं करून बाहेर. पुढं देशातल्या देशात जोडविमान असणाऱ्यांनाही हे चुकत नाही, आणि त्याचं कारण सोलापूरकरानं तरी समजून घ्यावं. आपल्या विमानतळावर इमिग्रेशनचा टेबल नाही की कस्टमचा नाही. भारतात शिरण्याचा सोपस्कार मुंबईतच उरकला पाहिजे, तिथून पुढं आपण पुण्या-नागपूरला जाणाऱ्यासारखेच साधे प्रवासी. आणि मोठी बॅग एकदा हातात आली की तिच्यातली कात्री, सुरी हाताशी आली, म्हणून पुढच्या विमानासाठी सुरक्षा तपासणीही नव्यानं. जोडविमान घेणाऱ्यांनी मधे भरपूर वेळ ठेवावा, आणि देशांतर्गत विमान सहारच्या टर्मिनल 2 वरून आहे की सांताक्रूझच्या टर्मिनल 1 वरून, हे तिकिटावर आधी बघावं. धावपट्टी सामाईक असली तरी दोन टर्मिनलांमधे मुंबईचा रस्ता आहे. आम्ही आत्याकडं विसावा घेऊन मगच सोलापूरचं विमान धरलं.

होटगी रस्त्याला उतरलो तेव्हा खिडकीआड चढणारे लोक उभे होते, आम्ही जाईपर्यंत थांबवलेले. एका विमानापुरती ही व्यवस्था चोख चालते. मुंबई आणि गोव्याची विमानं एकाच वेळी फरशीवर उभी राहिली, त्यात एखादं उशिरा आलं आणि पावसानं लोकांना आत ढकललं, तर नुसत्या घड्याळावर भागणार नाही. पुढं इथली इमारत वाढवायची झाली तर उतरणाऱ्यांची वाट छपरासकट वेगळी आखून घ्यावी, चाकाच्या खुर्चीला पुरेसा उतार द्यावा, आणि पाट्या मराठीत ठळक लावाव्यात. जागा आत्ता मोकळी आहे. भिंती उभ्या राहिल्यावर वाट काढायला दुप्पट खर्च येतो, हे मी माझ्या टेबलावर रोज बघतो. आईचं मागणं याहून लहान आहे. शिडी लागेपर्यंत फरशीवर उभं राहावं लागतं, तिथं दोन बाकडी ठेवा म्हणते.